ओएलईडी टीव्ही : अनेक महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेले अनेक महिने मी ५५ इंची, ४के रिझोल्यूशनचा ओएलईडी (ज्याचे पिक्सेल स्वतःच उजळतात असा) टीव्ही रोज वापरत आहे. त्याआधी बरीच वर्षे त्याच जागी एलईडी बॅकलाइटचा एलसीडी टीव्ही होता, त्यामुळे पुढील तुलना एकाच खोलीत आणि एकाच अंतरावरून केलेली आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण येथे जे सांगायचे आहे त्यातील बहुतेक गोष्टी पॅनेलच्या प्रकाराशी निगडित आहेत. या वापरातून माझे एक मत पक्के झाले आहे : टीव्ही निवडताना आपण तो कोणत्या उजेडात पाहतो याचा विचार सर्वांत आधी व्हायला हवा आणि खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेल्या आकड्यांचा त्यानंतर.

दुकानात ‘एलईडी’ म्हणून विकले जाणारे जवळजवळ सगळे संच मुळात एलसीडीच असतात. त्यांतील द्रवस्फटिकांचा थर स्वतः प्रकाश देत नाही. मागे सतत जळणाऱ्या एलईडी दिव्यांचा प्रकाश कमी-अधिक अडवणे एवढेच त्याचे काम. ही अडवणूक कधीच पूर्ण होत नाही, थोडा प्रकाश झिरपतोच, आणि म्हणून अंधाऱ्या खोलीत एलसीडीवरचा काळा रंग करडा दिसतो. यातही प्रकार आहेत. आयपीएस प्रकारच्या पॅनेलचा मूळ काँट्रास्ट (पांढऱ्या आणि काळ्या रंगांच्या तेजाचे गुणोत्तर) साधारण १०००:१ असतो, तर व्हीए प्रकारच्या पॅनेलचा ३०००:१ किंवा त्याहून अधिक. मात्र व्हीए पॅनेल बाजूने पाहिल्यास रंग फिके पडतात. क्यूएलईडी संचांत क्वांटम डॉट्स या अतिसूक्ष्म कणांमुळे रंग अधिक शुद्ध होतात, पण मागचा बॅकलाइट तसाच राहतो. ओएलईडीमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे तेथे काळा म्हणजे खरोखरच प्रकाशाचा अभाव.

रात्री दिवे मालवून चित्रपट पाहताना हा फरक किती मोठा आहे, हे कोणत्याही आकड्यावरून कळणार नाही. रुंद पडद्याच्या चित्रपटांत वर-खाली येणारे काळे पट्टे खोलीतल्या अंधारात मिसळून जातात. एका मेणबत्तीच्या उजेडात चित्रित केलेल्या प्रसंगात चेहऱ्याची सावलीतली बाजू, तिच्यामागची भिंत आणि भिंतीपलीकडचा अंधार या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या दिसतात. जुन्या संचावर त्या एकाच राखाडी पडद्यात बुडून जात. काळ्या पार्श्वभूमीवरील पांढऱ्या सबटायटल्सभोवती प्रकाशाचे वलयही दिसत नाही. हे वलय एलसीडीत लोकल डिमिंग (बॅकलाइट भागाभागाने मंद करण्याची सोय) असूनही दिसते, आणि त्यामागचे गणित सोपे आहे : ४के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात, तर चांगल्या मिनी-एलईडी (बॅकलाइटमध्ये पुष्कळ छोटे एलईडी असलेल्या एलसीडी) संचातही बॅकलाइटचे झोन, म्हणजे स्वतंत्रपणे मंद होणारे भाग, काही शे ते काही हजार असतात. एकेका झोनला हजारो पिक्सेल सांभाळावे लागतात, त्यामुळे एक छोटे अक्षर उजळायचे तर आजूबाजूचा काळा भागही थोडा उजळतोच.

दिवसा मात्र चित्र बदलते. माझ्या संचाचा पडदा चकचकीत आहे, आणि समोरच्या खिडकीचे प्रतिबिंब अंधाऱ्या दृश्यांत स्पष्ट दिसते. त्याहून महत्त्वाची मर्यादा अशी की, पडद्याचा छोटा भाग तेजस्वी असेल तर ओएलईडी उत्तम प्रकाश देतो, पण संपूर्ण पडदाच पांढरा झाला की विजेचा भार आणि उष्णता मर्यादेत ठेवण्यासाठी संच आपणहून ब्राइटनेस उतरवतो. बर्फावरचे खेळ दुपारी पाहताना हे लगेच जाणवते. क्यूडी-ओएलईडी (क्वांटम डॉट्स असलेल्या ओएलईडी) प्रकारच्या पॅनेलमध्ये रंग अधिक भरदार असतात, पण खोलीतला उजेड पडद्यावर पडला की त्याचा काळा रंग किंचित जांभळट-करडा भासतो. ज्यांचे पाहणे मुख्यतः दिवसा, पडदे न ओढलेल्या खोलीत होते, त्यांनी ओएलईडीच्या मोहात न पडता चांगला मिनी-एलईडी संच घ्यावा, हे मी ओएलईडीवर मनापासून समाधानी असूनही ठामपणे सांगतो.

रिझोल्यूशनबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, तरी एक हिशेब उपयोगी पडावा. निरोगी डोळा साधारणपणे कोनाच्या एका कलेइतका, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा ओळखतो. ५५ इंची पडद्याची रुंदी सुमारे १२२ सेंटीमीटर असते. त्यावरून हिशेब केला तर फुल एचडीचे (१९२० गुणिले १०८०) पिक्सेल जवळपास २.२ मीटरपलीकडे वेगळे दिसेनासे होतात. म्हणजे तीन मीटरवर बसून या आकाराच्या पडद्यावर ४के आणि फुल एचडी यांतला फरक पिक्सेलच्या संख्येमुळे क्वचितच दिसेल, आणि ८केचा तर प्रश्नच उद्भवत नाही. त्यापेक्षा जागा असेल तर मोठा पडदा घ्यावा : ५५ ऐवजी ६५ इंच घेतल्यास क्षेत्रफळ सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. सेट-टॉप बॉक्सवरून येणाऱ्या कमी प्रतीच्या वाहिन्या मात्र मोठ्या पडद्यावर अधिक उघड्या पडतात. तेथे संचातील प्रोसेसर चित्र किती नेटके वाढवतो यावर सारे अवलंबून असते. ही गोष्ट कोणत्याही तपशीलपत्रकात लिहिलेली नसते, म्हणून दुकानात अशी एखादी साधी वाहिनी लावून दाखवण्याचा आग्रह धरावा.

हालचालीबाबत ओएलईडीची एक खोड सवयीने अंगवळणी पडते. याचे पिक्सेल एका मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळात बदलतात, म्हणून खेळांत चेंडूमागे शेपूट दिसत नाही. पण चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असल्याने कॅमेरा संथपणे आडवा फिरताना प्रत्येक चौकट लख्ख उठून दिसते आणि चित्र अडखळल्यासारखे वाटते. एलसीडीची मंद प्रतिक्रिया हा दोष थोडा झाकत असे. पॅनेल १२० हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र ताजे करणारे, असेल तर प्रत्येक चौकट बरोबर पाच वेळा दाखवता येते, तर ६० हर्ट्झवर एक चौकट दोनदा आणि पुढची तीनदा अशी ओढाताण करावी लागते आणि अडखळणे वाढते. म्हणून पॅनेलचा खरा रिफ्रेश रेट, म्हणजे हा हर्ट्झचा आकडा, विचारून घ्यावा. ‘मोशन रेट’सारख्या नावांखाली दिलेले मोठे आकडे त्यासाठी ग्राह्य धरू नयेत. मोशन स्मूदिंग (मध्ये कृत्रिम चौकटी घालून हालचाल गुळगुळीत करण्याची सोय) मी अगदी खालच्या पायरीवर ठेवले आहे. ते वर नेले की चित्रपट दैनंदिन मालिकेसारखा दिसू लागतो, आणि छायाचित्रणकाराच्या मेहनतीवर तो अन्याय आहे.

रंगांसाठी ‘फिल्ममेकर मोड’ किंवा ‘सिनेमा’ हाच पर्याय निवडावा. दुकानातील झगमगत्या ‘व्हिव्हिड’ मोडनंतर तो सुरुवातीला पिवळसर वाटतो, कारण त्यात पांढरा रंग प्रमाणित ६५०० केल्व्हिनच्या आसपास ठेवलेला असतो. थोड्याच दिवसांत डोळे त्याला सरावतात, आणि मग जुना निळसर पांढरा पाहवत नाही.

बर्न-इनची भीती सर्वांनाच असते. ओएलईडीतील सेंद्रिय पदार्थ वापरागणिक झिजतो. वाहिनीचे बोधचिन्ह किंवा बातम्यांची पट्टी हजारो तास एकाच ठिकाणी राहिली तर तेथील पिक्सेल इतरांपेक्षा वेगळ्या प्रमाणात म्हातारे होतात आणि खूण कायमची उमटते. माझ्या पडद्यावर आजवर एकही खूण नाही. पण माझे पाहणे विविध प्रकारचे आहे, आणि झीज साचत जाणारी असल्याने काही महिन्यांच्या अनुभवावरून अभय देणे योग्य नव्हे. जेथे दिवसभर एकच वृत्तवाहिनी चालू असते, तेथे एलसीडीच बरा. साधारण चार तासांचा एकत्रित वापर झाला की, टीव्ही बंद केल्यावर तो स्टँडबायमध्ये पिक्सेलांची दुरुस्ती आपोआप करतो. म्हणून रिमोटने बंद केल्यावर भिंतीवरचे बटण लगेच बंद करू नये. स्थिर चित्र बराच वेळ राहिले तर ब्राइटनेस हळूहळू उतरवण्याची सोयही असते. बुद्धिबळाच्या सामन्याचे प्रक्षेपण पाहताना तिचा मला त्रास झाला, तरी पडद्याच्या आयुष्यासाठी मी ती स्वीकारली आहे.

आवाज मात्र सामान्यच आहे. इतक्या पातळ पॅनेलमध्ये स्पीकरला जागाच नसते, त्यामुळे साउंडबारचा खर्च आधीच गृहीत धरावा, आणि संचात ईआर्क (टीव्हीचा आवाज एचडीएमआय तारेने साउंडबारकडे पाठवण्याची सोय) आहे याची खात्री करावी, कारण तिच्या जुन्या आवृत्तीतून, म्हणजे आर्कमधून, अनेक स्पीकरांसाठीचा (मल्टिचॅनेल) असंपीडित आवाज जात नाही. नुसता ‘एचडीएमआय २.१’ (उपकरणे टीव्हीला जोडणाऱ्या मानकाची आवृत्ती) हा शिक्का पुरेसा नाही. त्यातील अनेक सुविधा ऐच्छिक असल्याने १२० हर्ट्झवर ४के कोणत्या पोर्टला मिळते हे स्वतंत्रपणे विचारावे. काही संचांत अशी दोनच पोर्ट असतात आणि त्यांतलेच एक ईआर्कसाठी राखलेले असते. मग साउंडबार जोडल्यावर गेमिंग कन्सोल आणि संगणक या दोघांपैकी एकालाच पूर्ण वेग मिळतो.