दुबईच्या शाळेत सीट ब्लॉक करून देते म्हणाली आणि आम्ही पैसे भरले

इतके दिवस कुणाला सांगायची लाज वाटायची म्हणून गप्प होते. पण परवा आमच्या पुण्याच्या जुन्या सोसायटीतल्या एकीचा फोन आला, म्हणे आम्ही पण दुबईला येतोय, ॲडमिशनसाठी एक मॅडम मिळाल्यात, मराठीच आहेत, सगळं करून देतात. माझ्या पोटात गोळाच आला.

२०२३ च्या फेब्रुवारीत नवरा दुबईला जॉइन झाला. मी आणि पोरं पुण्यातच, वार्षिक परीक्षा उरकून मगच निघायचं असं ठरलेलं. मुलगी तिसरीत, धाकटा छोट्या गटात. नवरा कंपनीच्या हॉटेलात, घराचा पत्ता नाही, आणि मला एकच घोर, शाळा. जो तो सांगायचा की तिकडे चांगल्या शाळांना वेटिंग असतं, आत्ता नाही केलंत तर वर्ष जाईल. त्या घाईत मी सापडले. एका व्हॉट्सॲप ग्रुपवर या बाईंचा नंबर मिळाला, डीपीवर बुर्ज खलिफा, बोलणं इतकं गोड की विचारू नका. "ताई, तुम्ही अजिबात टेन्शन घेऊ नका, दादांना तिकडे काम करू दे, शाळेचं माझ्यावर सोडा." परक्या गावी जाताना आपल्या भाषेत कुणी असं बोललं की माणूस निम्मं तिथेच विरघळतं.

तिने एका मोठ्या ब्रिटिश शाळेचं नाव सांगितलं (शाळेचा यात काही दोष नाही, त्यांना पत्ताच नव्हता). दोनच सीट उरल्यात, २० टक्के भरून ब्लॉक करायच्या, बाकी फी तिकडे गेल्यावर. मुलीची वर्षाची फी ४०,००० दिरहम, धाकट्याची ३६,०००. म्हणजे दोघांचे मिळून १५,२००, तेव्हाच्या भावाने जवळजवळ ३ लाख ४२ हजार रुपये. पैसे शाळेच्या खात्यात का नाही विचारलं तर म्हणाली, बाहेर पाठवायचं म्हणजे बँकेत ए टू फॉर्म भरा, चार दिवस थांबा, तोवर सीट जाईल, आमच्या कोऑर्डिनेटरच्या इथल्याच खात्यात टाका. टाकले. वर तिची फी २५ हजार, युनिफॉर्मचे १४ हजार.

युनिफॉर्मचं तर अजून आठवतं. मुलीला भिंतीला टेकून उभी केली, टेपने छाती, कंबर, उंची मोजली, ती खुदूखुदू हसत पोट आत ओढत होती. आकडे लिहून बाईंना पाठवले. तेव्हा डोक्यात आलं नाही, पण नंतर आलं, मुलगी वाचते कशी, इंग्रजी कितपत येतं, हे एकदाही कुणी विचारलं नाही. उंची मात्र विचारली. खऱ्या शाळा मुलाची असेसमेंट घेतात, निदान व्हिडिओ कॉल तरी करतात.

मग पत्र आलं. सुंदर पीडीएफ, वर शाळेचा लोगो, खाली केएचडीएचा शिक्का, थोडासा तिरका. केएचडीए म्हणजे दुबईतल्या खाजगी शाळांवर देखरेख करणारी सरकारी संस्था. पत्रात मुलीला ग्रेड फोर, धाकट्याला केजी टू. मी ते नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकलं, पेढे वाटायचे तेवढे राहिले होते.

मे महिन्यात बाई म्हणाली, आता जुन्या शाळेतून टीसी काढा. आपल्याकडे त्याला एलसी म्हणतात. आणि दुबईत तो नुसता चालत नाही, आधी इथे शिक्षण खात्याकडून, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईची वकिलात, आणि तिकडे गेल्यावर पुन्हा, असे शिक्के घ्यावे लागतात. तेवढं तिने खरं सांगितलं होतं. खऱ्यात खोटं मिसळलं की ओळखू येत नाही. दाखला काढला आणि जुन्या शाळेतली जागा गेली.

जूनमध्ये तिने पहिल्या टर्मची फी मागितली, लवकर भरलीत तर सूट म्हणे. नवरा म्हणाला, मी इथेच आहे ना, शाळेत जाऊनच भरतो. तर बाई म्हणते ॲडमिशन ऑफिस बंद आहे, सगळं ऑनलाइनच. त्याला तिथेच खटकलं. अर्धी सुट्टी टाकून पत्राची प्रिंट घेऊन गेला. रिसेप्शनवरच्या मल्याळी मुलीने कागद पाहिला आणि आत घेऊन गेली. आतल्या मॅडम बाहेर आल्या, शांतपणे म्हणाल्या की आमच्याकडे ग्रेड फोर नावाचा वर्गच नाही. ब्रिटिश शाळेत इयर असतं, आपल्या चौथीची मुलगी इयर फाइव्हला बसते. लहानांना एफएस वन, एफएस टू, मग इयर वन. केजी टू पण नाही. मी ते पत्र दहा वेळा वाचलं होतं हो!

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, पण तीन महिने उलटून गेलेले. खात्यातून पैसे कधीच पुढे निघून गेले होते. असं काही झालं तर त्याच दिवशी, त्याच तासाला १९३० लावा, पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवता येतं. आम्ही लाजेत पण आठवडा घालवला. पैशांपेक्षा पासपोर्टच्या कॉप्या, पोरांचे फोटो तिच्याकडे आहेत याची धास्ती जास्त वाटते.

एक सांगते, केएचडीएच्या वेबसाइटवर शाळांचे इन्स्पेक्शन रिपोर्ट आणि इयत्तेप्रमाणे मंजूर फी फुकट बघायला मिळते. अर्जाचे जास्तीत जास्त ५०० दिरहम, नव्या मुलासाठी डिपॉझिट १० टक्क्यांपर्यंत, ते पण पुढे फीमधून वजा होतं. २० टक्के ऐकल्यावर तिथेच थांबायला हवं होतं. आणि ब्रिटिश शाळा ऑगस्टच्या शेवटी सुरू होतात, भारतीय बोर्डाच्या एप्रिलमध्ये, त्यामुळे "वर्ष जाईल" ही भीती पण अर्धी पोकळच होती. अबुधाबीला जाणाऱ्यांसाठी एडेक ही तिथली शिक्षण खात्याची संस्था आहे, तिथे बघा.

आमची पोरं शेवटी उन्हाळ्याची सुट्टी संपल्यावर दुबईतल्याच कुसैस भागातल्या एका सीबीएसई शाळेत गेली. ब्रिटिशचं भूत उतरलं. मुलगी बसमध्ये मल्याळम शिकून आली.

परवा फोन केलेल्या त्या मैत्रिणीला म्हटलं, तुला आलेलं पत्र मला पाठव. मुलगा दुसरीत जाणारा, शाळा ब्रिटिशच, आणि पत्रात ग्रेड टू. खाली तोच शिक्का, तसाच तिरका. पैसे भरायची शेवटची तारीख शुक्रवार लिहिलीये, तिने अजून भरलेले नाहीत.