अल्झायमर की व्हॅस्क्युलर डिमेन्शिया?

घरातलं वयस्कर माणूस विसरायला लागलं की "वय झालं आता" म्हणून सोडून देतात, नाहीतर थेट अल्झायमरचा शिक्का मारतात. दोन्ही चूक.

अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड आणि टाऊ ही प्रथिनं साचतात. सुरुवात बहुधा विसरण्यानेच होते. सकाळी कोण भेटून गेलं, ते संध्याकाळी खुणा देऊनही आठवत नाही. उतरण हळूहळू होते.

डिमेन्शिया म्हणजे स्मरणशक्ती आणि विचारशक्ती ढासळणं. व्हॅस्क्युलर डिमेन्शियाचं मूळ रक्तवाहिन्यांत असतं. पक्षाघातामुळे (स्ट्रोक) किंवा बारीक वाहिन्या बिघडत गेल्याने मेंदूला रक्त पुरत नाही. इथे बऱ्याचदा आधी विचार मंदावतो. आजींना सकाळचा पाहुणा आठवतो, पण चहा करताना आधी काय, मग काय, हे जुळत नाही. गॅस पेटवून त्या नुसत्या उभ्या राहतात. चाल बिघडते, लघवीवर ताबा राहत नाही, एकाएकी रडू फुटतं. पक्षाघातांमागून येणारी घसरण जिना उतरल्यासारखी असते: काही महिने स्थिर, मग एकदम खाली. बारीक वाहिन्यांच्या आजारात मात्र ती संथही असते, म्हणून नुसत्या वेगावरून निदान करू नये. एमआरआयची मोठी मदत होते. अनेक वृद्धांत दोन्ही आजार एकत्र सापडतात.

अल्झायमरमध्ये डोनेपेझिलसारखी औषधं लक्षणं काही काळ सावरतात. व्हॅस्क्युलरमध्ये झालेलं नुकसान भरून येत नाही, पण बीपी, शुगर, तंबाखू, हृदयाचे अनियमित ठोके यांकडे लक्ष दिलं तर पुढच्या आघाताचा धोका कमी होतो. म्हणूनच "आता बरं वाटतंय" म्हणत बीपीची गोळी परस्पर बंद केलेली पाहिली की जीव तुटतो. आणि तोंड वाकडं झालं, बोलणं अचानक अडखळलं, तर सकाळची वाट न पाहता लगेच हॉस्पिटल गाठा.