कुंपणाला साग की खैर?

मुरबाड-शहापूरकडच्या शेताला औषध न मारलेले लाकडी खांब लावायचे, तर प्रश्न येतो: साग की खैर?

टिकाऊपणा गाभ्यात असतो, झाडाच्या नावात नाही. सागाचे तीन इंची कोवळे वासे स्वस्त पडतात, पण त्यात बहुतेक बाहेरचं पांढरट लाकूडच असतं. ते वाळवी आणि बुरशी लवकर खाते. घ्यायचाच तर जुन्या सागाचा, तपकिरी गाभ्याचा घ्या. खैराचा लालसर गाभा जास्त जड, कठीण. ओल आणि वाळवी दोन्ही सोसतो.

मेहनत मात्र खैराला जास्त. आधी भोक पाडल्याशिवाय खिळा वाकतो, आणि सरळ, लांब खांब मिळणं कठीण. साग सहज कापला जातो.

दोन्ही कुजतात ते जमिनीलगत, जिथे ओल आणि हवा एकत्र मिळते. सात फुटी खांब दोन फूट गाडा, तळाशी खडी टाका, वर मातीचा उतार द्या. काँक्रीटची वाटी केली तर पावसाचं पाणी तिथेच साचतं.

तोडीला, वाहतुकीला दोन्हींना परवानगी लागते.

गुरांच्या धक्क्याला, कोपऱ्यांना खैर. लांबलचक सरळ तारेला गाभ्याचा साग.