पाच महिने मी माझ्या हाताला दोष देत होतो

टिग वेल्डिंग (टंगस्टन धातूच्या कांडीच्या टोकावर विजेची ठिणगी पेटवून, भोवती गॅसचं आवरण ठेवून धातू जोडणं) शिकायला निघालेल्या दुसऱ्या कुणावर ही पाळी येऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माझी गाडी जुनी आहे. फ्लोअरचा पत्रा गंजलेला, सायलेन्सरचा पाइप चिरलेला, आणि इंजिनात हवा नेणारा अ‍ॅल्युमिनियमचा पाइप स्वतः बनवायची फार दिवसांची हौस. गाडीचा पत्रा जेमतेम 0.7 ते 1 मिलिमीटरचा, साध्या रॉडने त्याला भोकंच पडतात. टिगमध्ये उष्णता आपल्या ताब्यात राहते, म्हणून तेच शिकायचं ठरवलं. शिकवणारा एक जण भेटला. दोन दिवसांचा वर्ग आणि वर्ग संपला की त्याच्याकडूनच ‘नवशिक्यांचा पूर्ण सेट’ : मशीन, हातात धरायचा टॉर्च, त्यात बसणारं टंगस्टन, गॅसने भरलेला सिलिंडर. त्याने आमच्यासमोर अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या जोडल्या. वेल्ड असा, की नाण्यांची चळत आडवी सरकवून ठेवावी. मी विचारलं, “सर, या सेटवर हे जमेल ना?” “सगळं जमतं. हात बसला पाहिजे फक्त.”

करून दाखवलं ते त्याच्या स्वतःच्या मशीनवर. मला दिलेलं मशीन खोक्यात बंद होतं, आणि ते उघडून चालवून बघावं हे मला सुचलं नाही.

घरी अ‍ॅल्युमिनियमवर आर्क (विजेची सलग ठिणगी) पेटायचा, पण धातू चमकायच्या ऐवजी करडा पडायचा. वर सुरकुतलेली साय धरायची, आत पाणी झालेलं असायचं. जोड भरायचा फिलर रॉड आत मिसळायचाच नाही, सायीवर गोळी होऊन बसायचा. आणखी क्षणभर थांबलं की सगळा भाग खाली गळून पडायचा. फोन केला की एकच उत्तर : “तुझा हात थरथरतो, सराव वाढव.” लोखंडावरही तीच गत. टंगस्टनचं टोक काही सेकंदांत काळं पडायचं, वेल्डमध्ये टाचणीने टोचल्यासारखी भोकं. त्यावर सल्ला मिळाला, “स्वच्छता कमी पडते, ब्रेक क्लीनर मारून घे.” रोज रात्री टंगस्टनला धार लावायची, पट्ट्या घासायच्या आणि परत तेच. हे आपल्या हातून व्हायचं नाही, असं मी घरात बोलूनही दाखवलं होतं.

मग ओळखीतले एक काका आले. आयुष्यभर पाइपांचं वेल्डिंग केलेला माणूस. त्यांनी माझा हात बघितलाच नाही, आधी मशीनपुढे उकिडवे बसले. “अरे, यात एसी कुठंय?” मशीन फक्त डीसीचं, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचं होतं. अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर वितळायला 2000 अंशांच्याही वर जावं लागतं. एसीमध्ये प्रवाहाची दिशा सतत उलटते, आणि दर उलट्या फेरीत तो थर फुटत जातो. टंगस्टन निगेटिव्हला ठेवून आर्गॉन गॅसवर डीसी चालवला तर थर तसाच राहतो. मी रोज बघत होतो ती साय म्हणजे हाच थर. मशीनच्या पुढे मोठ्या अक्षरांत 200 अँपिअर लिहिलेलं. काकांनी मागची पट्टी वाचायला लावली : 200 वर ड्यूटी सायकल 15 टक्के. म्हणजे दहा मिनिटांत दीड मिनिटच वेल्ड करायचं, बाकी वेळ मशीन थंड होऊ द्यायचं.

नंतर त्यांनी लोखंडावर आर्क पेटवला आणि लगेच विझवला. “टिग असं तडतडत नाही. गॅस बघ.” स्वतःचा आर्गॉनचा सिलिंडर आणून जोडला. तोच टॉर्च, तीच पट्टी, माझाच हात, आणि आर्क एकदम शांत झाला. पहिल्यांदा माझ्यासमोर वितळलेल्या धातूचं काचेसारखं स्वच्छ डबकं तयार झालं. मला दिलेल्या सिलिंडरमध्ये मिगसाठीचा (तार आपोआप पुढे सरकते त्या वेल्डिंगसाठीचा) गॅस होता, आर्गॉनमध्ये कार्बन डायऑक्साइड मिसळलेला. टिगला सहसा शुद्ध आर्गॉन लागतो, कार्बन डायऑक्साइड मिसळलेला असला तर टंगस्टन जळतं. सिलिंडरच्या खांद्यावर ठोकलेलं नाव एका गॅस पुरवठादाराचं निघालं. म्हणजे भाड्याचा सिलिंडर मला विकलेला. तो मला कुणी भरून देईना, शेवटी मूळ मालकाला परत करावा लागला.

पैशांचं दुःख आहेच, पण खरा संताप त्या ब्रेक क्लीनरचा येतो. काकांनी डबा हातात घेऊन त्यावरची नावं वाचली आणि आधी तो बाहेर नेऊन ठेवला. क्लोरीनवाला क्लीनर आर्कच्या उष्णतेत आणि अतिनील किरणांत आला की फॉस्जीन तयार होऊ शकतो. हा विषारी वायू पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरला होता. मी बंद खोलीत तोच क्लीनर मारत होतो. वेल्ड करण्याआधी पुसायला अ‍ॅसिटोन घ्या, ते पूर्ण उडून जाऊ द्या आणि डबा लांब ठेवा.

शिकवणाऱ्याला जाब विचारल्यावर तो म्हणाला, “मी टिग म्हणालो होतो, एसी कुठे म्हणालो?” माझ्याकडे बिल नव्हतं. सगळं तोंडी ठरलेलं.

तुम्ही घेणार असाल तर पैसे देण्याआधी तेच मशीन आणि तोच सिलिंडर जोडून घ्या, आणि तुम्हाला जो धातू जोडायचा आहे त्यावर विकणाऱ्याला तुमच्यासमोर वेल्ड करायला लावा. लगेच स्वतःही करून बघा. मागची पट्टी वाचा. सिलिंडरवर काय ठोकलंय आणि तो कुणाच्या मालकीचा आहे, हे लेखी घ्या. बिलावर ‘एसी/डीसी’ हे शब्द हवेतच.

गेल्या आठवड्यात त्याच वर्गातल्या पुढच्या बॅचच्या एका मुलाचा फोन आला. “दादा, अ‍ॅल्युमिनियमवर हात बसायला तुम्हाला किती दिवस लागले?” मी त्याला मशीनपाशी जाऊन पुढच्या पॅनलवर एसीचं बटण शोधायला सांगितलं. बराच वेळ फोनवर आवाज नव्हता. रविवारी आम्ही दोघं मिळून त्या माणसाकडे जाणार आहोत.