पाटा-वरवंटा: बेसाल्टचा घ्यावा की ग्रॅनाइटचा?

वाटणासाठी आमची पसंती बेसाल्टलाच, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाला. लाव्हा झपाट्याने थिजल्याने त्याचे कण बारीक. टाकी (छिन्नी) लावली की खाचा सारख्या उठतात आणि ओलं खोबरं गंधासारखं वाटलं जातं. घेताना पांढरे ठिपके मात्र बघाच. लाव्हातल्या वायूच्या पोकळ्यांत भरलेलं ते झिओलाइट किंवा कॅल्साइट हे खनिज. ठिसूळ असल्याने निखळतं आणि कचकच थेट चटणीत येते. ग्रॅनाइट जमिनीखाली सावकाश थंड झालेला, कण जाडसर. पॉलिश केलेल्यावर मिरची नुसती घसरते. ओट्यासाठी तो उत्तम. (बाजारातला काळा ‘ग्रॅनाइट’ बहुधा गॅब्रो किंवा डोलेराइट हा वेगळाच खडक असतो.) नव्या पाट्यावर आधी भिजवलेले तांदूळ वाटून धुवा, पाणी राखाडी येईनासं होईपर्यंत, दोन-तीनदा तरी.