केबिनला केज आतून की बाहेरून? ऑफ-रोड ट्रकसाठी तुलना

ट्रक रोज रस्त्यावर धावणार की फक्त हेल्मेट घालून चिखल-दगडांत उतरणार, हे आधी ठरवा. केज म्हणजे गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा पाइपांचा सांगाडा. केज, सीट, पट्टे सगळं त्यावर अवलंबून आहे. उघड्या डोक्याजवळ पाइप असेल तर गाडी उलटायचीही गरज नाही, साध्या धडकेत डोकं त्यावर आपटतं. फोम गुंडाळला तरी धोका थोडाच कमी होतो.

त्यामुळे रोजच्या गाडीला बाहेरची केज बरी. डोक्यावरची जागा तशीच राहते, पडदा-एअरबॅगच्या (खिडकीवरून खाली उघडणाऱ्या) वाटेत पाइप येत नाही, झाडाला घासलं तरी पत्रा वाचतो. पण वजन वर चढतं: 45 मिमी व्यासाचा, 2.5 मिमी जाडीचा पाइप मीटरला सुमारे 2.6 किलो भरतो. पाय चासीवरच हवेत. नुसत्या पत्र्यावर टेकवलेली केज पहिल्या पलटीत पत्र्यात घुसते. आणि केबिन रबरी माउंटवर हलते, म्हणून चासीवर उभा असलेला पाइप छपराला घट्ट बांधू नका, मध्ये फट सोडा. तसंच पिकअपमध्ये केबिन आणि मागचा हौदा वेगवेगळे हलतात. दोघांना एकाच पाइपाने जखडलं तर वेल्डशेजारी तडे जातात.

आतली केज खरी भक्कम, पण हेल्मेटवाल्यांसाठी. मुख्य हूपसाठी, म्हणजे सीटमागच्या कमानीसाठी, एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमांत किमान 45×2.5 किंवा 50×2 मिमी सीमलेस (लांबीत सांधा नसलेला) पाइप आहे, बाकी भागांना 38×2.5 किंवा 40×2. वाकवताना त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट ठेवा, नाहीतर आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात. पाण्याचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप अजिबात नको: जस्ताचा धूर विषारी, आणि वेल्डही सच्छिद्र होतो.

बोल्टची केज काढता येते. तिच्या प्रत्येक पायाला फ्लोअरखालून किमान 3 मिमी जाड, 120 चौरस सेंमीची प्लेट आणि 8.8 ग्रेडचे किमान तीन एम8 बोल्ट द्या. पहिल्या फेरीनंतर बोल्ट पुन्हा घट्ट करा, कारण रंग आणि सीलंट दबून बोल्ट ढिले पडतात. वेल्डची केज केबिनच्या खांबांना गसेटने (पत्र्याच्या जोडपट्टीने) जोडता येते, म्हणून जास्त ताठ. अडचण वरच्या जोडांची: पाइप आणि छप्पर यांच्यामध्ये वेल्डिंगचा टॉर्च जात नाही. उपाय असा की पायांखाली फ्लोअरला भोकं पाडायची, टॅक मारलेली (छोट्या ठिपक्यांच्या वेल्डने तात्पुरती जोडलेली) केज तेवढी खाली सोडायची, जोड पूर्ण गोल वेल्ड करायचे, मग केज उचलून खाली प्लेटा लावायच्या. टॅक मारताना दरवाजे बसवलेले ठेवा आणि बाजू आलटून-पालटून वेल्ड करा. एकाच बाजूने ओढत गेलात तर दरवाजाची फट बिघडते. आधी बॅटरी आणि ईसीयू (इंजिनचा कंट्रोल संगणक) सोडवा, काचा झाका. ठिणगीचे डाग काचेवरून निघत नाहीत.

आतल्या कामात कार्पेट विरुद्ध उघडं फ्लोअर हा खरा प्रश्न. पाण्यात उतरणाऱ्या गाडीत कार्पेटखालचा फोम आठवडाभर ओला राहतो आणि गंज सीटच्या ब्रॅकेटच्या सांध्यात सुरू होतो. तिथे गंज काढून, प्राइमर मारून वर लायनर (जाड संरक्षक लेप) फवारा, निचऱ्याच्या भोकांना रबरी बूच ठेवा. आवाज कमी करायला ब्युटिल (चिकट रबरी) शीट सपाट पत्र्यावर चिकटवा. पाव भाग झाकला तरी कंप बराच मरतो. रोजच्या गाडीत सुटा रबरी मॅट पुरतो.

सीटबद्दल एकच आग्रह: भक्कम छपराशिवाय हार्नेस (दोन्ही खांद्यांवरून येणारा रेसिंगचा पट्टा) लावू नका. छप्पर चेपलं तर तो अंगाला ताठ धरून ठेवतो, झुकायला जागा राहत नाही. केज असेल तर फिक्स बकेट सीट (पाठ न झुकणारी, अंगाला कवेत घेणारी) घ्या आणि खांद्याचे पट्टे हूपच्या आडव्या पाइपाला बांधा. ते मागे आडव्या रेषेच्या 10 अंश खाली असावेत. 45 च्या पुढे गेले तर धडकेत मणक्यावर दाब येतो. कंपनीची सीट आणि तीन बिंदूंचा पट्टा ठेवायचा असेल, तर बाहेरच्या केजबरोबर तोच योग्य.