इलेक्ट्रॉनिक टूर्निके: ठाण्यातल्या छोट्या ऑपरेशन थिएटरातला काही महिन्यांचा अनुभव

ठाण्यात आमच्या हाडांच्या हॉस्पिटलात उन्हाळ्यापासून दोन चॅनलचे (दोन कफ वेगवेगळे चालवणारे) टूर्निके मशीन वापरात आहे. टूर्निके म्हणजे ऑपरेशनच्या वेळी हाताला किंवा पायाला बांधायचा, हवेने फुगणारा पट्टा (कफ). त्याच्या दाबाने रक्तप्रवाह तात्पुरता थांबतो. आधी हातपंपाचे होते. त्यात हवा उतरत राही आणि काट्यावर एकाचे लक्ष लागे. हे मशीन गळती भरून काढत दाब धरून ठेवते. पंप आतच असल्याने सिलिंडरही लागत नाही. पावसाळ्यात वीज गेली तरी बॅटरीवर दाब टिकला. त्या बाबतीत पैसे वसूल.

पण मशीन धरते तो आकडा आपणच दिलेला असतो. सुरू करताच स्क्रीनवर 250 एमएमएचजी (बीपी मोजतो तेच एकक) येते आणि तेच ठेवायची सवय लागते, ही सगळ्यात धोक्याची गोष्ट. भूल दिल्यावर बीपी स्थिर झाले की कफ बांधून मनगटावर किंवा पावलावर डॉपलर (नाडीचा आवाज ऐकवणारे छोटे यंत्र) धरावा आणि नाडीचा आवाज बंद होईपर्यंत दाब हळूहळू वाढवावा. आवाज थांबला तो आकडा 130 पर्यंत असेल तर त्यात 40 मिळवायचे, 131 ते 190 असेल तर 60, त्यावर 80. लहान मुलांना 50. म्हणजे आवाज 140 ला थांबला तर 200 पुरते, वरचे 50 एमएमएचजी मज्जातंतूंना उगाच सोसावे लागतात. दोन मिनिटांचे काम आहे, टाळू नये.

दाब कमी पडला तर उलटेच होते: धमनीतून रक्त आत येत राहते, शिरांतून परत जात नाही आणि जखम जास्तच ओघळते. सर्जननी ‘वाढवा’ म्हटले तरी आधी बीपी वाढले आहे का, कफ सैल आहे का, होज (मशीनपासून कफपर्यंतची हवेची नळी) दुमडली आहे का हे बघावे. आमचे कफ एकाच नळीचे आहेत. होज मध्येच दाबली गेली तर सेन्सरला मशीनच्या बाजूचाच दाब कळतो. शेवटी हवा सोडल्यावर स्क्रीन 0 दाखवेल, कफ मात्र फुगलेलाच राहील. म्हणून हवा सोडल्याबरोबर कफ आणि खालचा सॉफ्ट रोल (कातडीवर गुंडाळायची कापसाची मऊ पट्टी) दोन्ही काढायचे. नवे मशीन घेणाऱ्यांनी दोन नळ्यांचेच घ्यावे. दाब मोजणारी नळी वेगळी असते.

कफ शक्य तितका रुंद घ्यावा, कमी दाबात काम होते. टोके एकमेकांवर 7 ते 15 सेंटिमीटर यावीत. मांडी वर जाड, खाली निमुळती असेल तर सरळ कफ घसरतो, तिथे वक्र कफच हवा. खाली सॉफ्ट रोलचे दोन थर, सुरकुती नको. बेटाडीन किंवा स्पिरिट कफखाली झिरपले तर कातडी भाजते, म्हणून कफच्या खालच्या कडेला चिकट ड्रेप (प्लास्टिकचे आवरण) आधी लावावा आणि मगच पेंटिंग करावे, म्हणजे जंतुनाशक लावावे. जंतुसंसर्ग किंवा गाठ असेल तर एस्मार्क (रक्त वर सारण्यासाठी घट्ट गुंडाळायची रबरी पट्टी) नको, हातपाय काही मिनिटे उंच धरला की पुरते.

अलार्म आम्ही हाताला 60 आणि पायाला 90 मिनिटांवर लावतो. अलार्म फक्त वाजतो, हवा सोडत नाही, त्यामुळे वेळ मोठ्याने सांगणारी सिस्टर लागतेच. 2 तासांच्या पुढे जायचे तर मध्ये 10 ते 15 मिनिटे रक्तप्रवाह सुरू करावा. सोडण्याआधी भूलतज्ज्ञांना सांगायचे, कारण बीपी उतरते आणि कार्बन डायऑक्साइड चढतो. बीयर ब्लॉकमध्ये (कफ फुगवून हाताच्या शिरेत बधिर करणारे लिग्नोकेन देतात, त्यात) ऑपरेशन लवकर संपले तरी औषध दिल्यापासून किमान 20 मिनिटे कफ सोडू नये, नाहीतर लिग्नोकेन एकदम हृदयाकडे जाते. यात एकाच हातावर दोन कफ असतात, म्हणून दोन होजना वेगळ्या रंगाचा टेप लावा. चुकीचा कफ सुटण्याची भीती याच केसला असते.

तक्रार आहे ती वेल्क्रोची. सॉफ्ट रोलचे धागे अडकतात, दमट हवेत कफ आतून वाळत नाही आणि पकड जाते. धुताना नळीच्या तोंडाला बूच लावावे, नंतर पंख्याखाली पूर्ण वाळवावे. रोज सकाळी कडक पाइपवर कफ गुंडाळून 300 पर्यंत भरतो. पंप पुन्हा पुन्हा सुरू झाला की बहुतेक कपलरमधली (नळी जोडायच्या तोंडातली) ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, झिजलेली असते. ती स्वस्त मिळते, दोन-चार जास्तीच्या ठेवा. मशीनचा आकडा वेगळ्या गेजशी ताडून बघण्याचे काम बायोमेडिकल इंजिनिअरच्या वार्षिक करारात लिहूनच घ्या.